नाशिकमध्ये राहून सायबर सुरक्षेची पदवी : बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "मुलाला हॅकिंगचं काहीतरी करायचंय, कुठे घालू?" आणि मुलं विचारतात, "सर, आधी सर्टिफिकेट करू की डिग्री?" हा लेख त्या दोघांसाठी आहे. कॉलेज निवडणं, कागदपत्रं, पहिल्या वर्षाचा अभ्यास, घरची प्रयोगशाळा, प्रकल्प आणि नोकरी या क्रमाने जाऊ.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पदवीच्या नावात 'सायबर' आहे की नाही, याला फार महत्त्व देऊ नका. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रॅमिंग या तीन गोष्टी जिथे पक्क्या होतात, ती पदवी या क्षेत्रासाठी चांगली. सुरक्षेचं उरलेलं शिक्षण तुम्हाला स्वतः उभं करावं लागतं, आणि ते नाशिकमध्ये बसून, घरच्या लॅपटॉपवर, बहुतांशी फुकट उभं करता येतं.

पायरी १ : काम कोणतं असतं ते आधी समजून घ्या

या क्षेत्रातले बहुतेक लोक दिवसभर हॅकिंग करत नाहीत. नव्या पदवीधरांना सर्वांत जास्त वाव असतो तो 'सॉक'मध्ये, म्हणजे कंपनीच्या यंत्रणांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात. तिथे पाळ्यांमध्ये काम चालतं. स्क्रीनवर येणाऱ्या शेकडो इशाऱ्यांमधून खरा कोणता आणि फुसका कोणता हे ओळखायचं आणि त्याची नोंद लिहायची. दुसरं काम परवानगी घेऊन कच्चे दुवे शोधण्याचं; त्याला सगळे 'व्हीएपीटी' म्हणतात. तिसरं फॉरेन्सिकचं, जिथे गुन्हा घडून गेल्यावर पुरावा जपून बाहेर काढायचा असतो. चौथं ऑडिट आणि नियमपालनाचं. तिथे कोडिंग कमी आणि वाचन-लेखन जास्त असतं, त्यामुळे कॉमर्सच्या मुलांनाही त्यात चांगली जागा आहे.

यातलं एक आत्ताच निवडायची गरज नाही. पण "मला रात्रपाळी जमेल का?", "मला लिहायला आवडतं का?" हे प्रश्न स्वतःला आजच विचारा.

पायरी २ : नाशिकमध्ये कोणत्या पदव्या आहेत

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. के. के. वाघ, मविप्रचं केबीटी, आडगावचं मेट यांसारख्या अभियांत्रिकी कॉलेजांमधून याच विद्यापीठाची पदवी मिळते. या शाखांकडे असं बघा.

कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग हा सर्वांत भक्कम पाया. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस हे सगळं त्यात सक्तीने होतं. २०१९ च्या अभ्यासक्रमापासून विद्यापीठाने तिसऱ्या वर्षापासून जादा क्रेडिट घेऊन सायबर सिक्युरिटीत 'ऑनर्स' करण्याची सोय केली. नव्या अभ्यासक्रमात हीच कल्पना 'मायनर'च्या रूपात येते. तुम्ही ज्या कॉलेजात जाणार आहात तिथे हे प्रत्यक्ष चालू आहे का, की फक्त विद्यापीठाच्या कागदावर आहे, ते विचारूनच घ्या.

एकदा 'सायबर सिक्युरिटी' असं नाव असलेली अभियांत्रिकी शाखा समोर आली, की तिचा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम उघडून कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवा. पायाचे विषय सारखेच असतील तर खुशाल घ्या. ते कापून त्या जागी साधनांची ओळख करून देणारे विषय भरले असतील तर मी कॉम्प्युटर किंवा आयटी घेईन. साधनं दर काही वर्षांनी बदलतात. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेस आणि मेमरी कशी चालते, हे ज्ञान मात्र टिकतं.

अभियांत्रिकीचा खर्च किंवा सीईटीची धावपळ नको असेल तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा उत्तम रस्ता आहे. या अभ्यासक्रमात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सही असतं, त्याचा पुढे फायदाच होतो. पुणे विद्यापीठाने 'बीएस्सी सायबर अँड डिजिटल सायन्स' हीही पदवी आणली आहे. ती कोणत्या संलग्न कॉलेजात चालते, ते प्रवेशाच्या वर्षीच्या यादीत बघा. बीसीएच्या बाबतीत लक्षात ठेवा की २०२४ पासून एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेतल्या बीसीए-बीबीए अभ्यासक्रमांना राज्याची वेगळी सीईटी आहे. त्या सीईटीचा अर्ज भरायला विसरलेली मुलं ऐन जूनमध्ये अडकतात.

त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीला संदीप विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ आहे. खाजगी विद्यापीठांची फी, प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचे नियम संलग्न कॉलेजांपेक्षा वेगळे असतात, एवढं ध्यानात ठेवून चौकशी करा. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्याकडे, गोवर्धनला आहे. पदवी झाल्यावर इग्नूचा माहिती सुरक्षेतला पदव्युत्तर डिप्लोमाही घरबसल्या करता येतो.

दहावीनंतरचा डिप्लोमाही कमी लेखू नका. सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाता येतं. ही मुलं दुसऱ्या वर्षात येतात तेव्हा त्यांचा हात कीबोर्डवर बसलेला असतो, आणि फीच्या दृष्टीनेही हा मार्ग हलका पडतो. फक्त गणित कच्चं राहतं. ते डिप्लोमाच्या शेवटच्या सुटीत भरून काढा.

पायरी ३ : कॉलेजात जाऊन काय विचारायचं

माहितीपत्रकातल्या प्लेसमेंटच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. एखादा कामाचा दिवस निवडून स्वतः जा आणि नेटवर्किंगची लॅब बघायला मागा. मशीन चालू आहेत का? मुलांना त्यांवर लिनक्स टाकायची, व्हर्च्युअल मशीन चालवायची परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी "काही इन्स्टॉल करू नये" अशी पाटी असते. त्या पाटीखाली सुरक्षा शिकता येत नाही. स्वतंत्र, इंटरनेटपासून तोडलेली लॅब आहे का, असं विचारा. असेल तर तिथे कोणीतरी मनापासून काम करतंय असं समजा.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. "नेटवर्क कोण शिकवतं? प्रॅक्टिकलला जर्नल उतरवायला लावतात की स्वतः करायला?" एवढं विचारलंत तरी खरं चित्र कळतं. सीटीएफ म्हणजे सुरक्षेच्या कोड्यांची स्पर्धा. तिचा क्लब किंवा चार-पाच जणांचा गट असेल तर त्या कॉलेजला माझ्या लेखी वरचं स्थान आहे. या क्षेत्रात सोबत लागते.

पायरी ४ : सीईटी, कागदपत्रं, पैसे

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. निम्मे गुण गणिताचे आहेत आणि पुढे क्रिप्टोग्राफीलाही गणितच लागणार आहे, तेव्हा तिथे दिलेला वेळ दुहेरी कामी येतो.

कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीत पर्याय भरताना ज्या कॉलेजात खरोखर जायचं आहे तेच सर्वांत वर ठेवा. गेल्या वर्षीचा कटऑफ बघून "हे काही मिळणार नाही" म्हणत आवडीचं कॉलेज खाली ढकलायचं कारण नसतं.

कागदपत्रांचं काम मात्र निकालाची वाट न बघता सुरू करा. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो, हे आपल्याला दरवर्षीचं आहे. जातवैधतेला तर महिने लागू शकतात. अकरावीतच अर्ज टाका.

फीसाठी 'महाडीबीटी' हा एकच दरवाजा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हा लाभ खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना, तसंच व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला लागू नाही. एजंट "कोट्यातून करून देतो, शिष्यवृत्ती नंतर बघू" म्हणत असेल तर तिथून उठा. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक भागातून येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळू शकतात. ही योजना असल्याचंच अनेकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघा. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका. ८ जीबीचा जुना लॅपटॉप घरात असेल तर पहिलं वर्ष त्यावर निभतं.

पायरी ५ : पहिलं वर्ष पायासाठी

पहिल्या वर्षात हॅकिंगची साधनं उघडू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तीन गोष्टी घ्या.

पहिली, लिनक्स. लॅपटॉपवर उबंटू टाका आणि रोजचं काम त्यावरच करा. 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावर 'बँडिट' नावाचा फुकट खेळ आहे. प्रत्येक पातळीवर पुढच्या पातळीचा पासवर्ड लपवलेला असतो आणि तो शोधताना कमांड आपोआप शिकल्या जातात. अडलं तरी उत्तर शोधू नका, कमांडचं मॅन्युअल वाचा.

दुसरी, नेटवर्क. आयपी पत्ता, सबनेट, राउटिंग, डीएनएस, टीसीपी. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी यासाठी चांगली आहे, आयआयटींच्या एनपीटीईएलवरची व्याख्यानंही आहेत. सबनेटचं गणित कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरी, प्रोग्रॅमिंग. कॉलेजात सी शिकवतील. ती नीट शिका, कारण मेमरीतल्या चुका सीमध्येच डोळ्यांना दिसतात. सोबत पायथन घ्या. पायथनचा पहिला स्वाध्याय म्हणून मी एक नाशिकचंच उदाहरण देतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुण शोधला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. येईल त्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

हे दहा-बारा ओळींत लिहून होतं. आता त्याला २१११ द्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तुमचा प्रोग्रॅम याला तीन अंकी संख्या समजला तर पुढे ९९९ वजा ९९९ करून शून्यावर जाऊन बसेल. ०९९९ असं चार अंकी धरलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असं बरोबर पोचेल. मग ४४४४ द्या. मग 'नाशिक' असं अक्षरांत लिहून द्या. मग काहीच न देता एंटर दाबा. प्रत्येक वेळी काय होतं ते वहीत लिहा. लिहिणाऱ्याने एक प्रकारचा इनपुट गृहीत धरला आणि वापरणाऱ्याने दुसराच दिला, या फटीतून सॉफ्टवेअरमधले कितीतरी कच्चे दुवे जन्माला येतात. तो विचार आठवी-नववीच्या वजाबाकीवर बसवता येतो, म्हणून हा स्वाध्याय मला फार आवडतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. या क्षेत्रातला अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो. रोज जे केलं त्यावर अर्धं पान साध्या इंग्रजीत लिहा : काय केलं, काय दिसलं, काय समजलं नाही. अलंकारिक भाषेची गरज नाही. आणि तीच गोष्ट पतसंस्थेच्या मॅनेजरला मराठीत समजावून सांगता येणं ही तुमची वेगळी ताकद ठरेल, ती सोडू नका.

पायरी ६ : घरची प्रयोगशाळा

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हे करा. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका. त्यात दोन आभासी मशीन बनवा. एक काली लिनक्स, म्हणजे सुरक्षेची साधनं आधीच भरलेलं लिनक्स, आणि दुसरं मेटास्प्लॉइटेबल २, जे सरावासाठी मुद्दाम कच्चं बनवलेलं आहे. दोघांचंही नेटवर्क 'होस्ट-ओन्ली'वर, म्हणजे फक्त लॅपटॉपपुरतं, ठेवा. हे अत्यंत महत्त्वाचं आहे. ते कच्चं मशीन घरच्या वायफायवर किंवा इंटरनेटवर उघडं पडता कामा नये.

आता पहिला प्रयोग. कालीमध्ये वायरशार्क सुरू करा आणि नेटवर्कवरची वाहतूक नोंदवायला लावा. कालीच्याच ब्राउझरमध्ये मेटास्प्लॉइटेबलचा आयपी पत्ता टाका. तिथे डीव्हीडब्ल्यूए नावाचं सरावाचं वेब ॲप दिसेल. वापरकर्ता 'ॲडमिन', पासवर्ड 'पासवर्ड' असं टाकून आत जा. वायरशार्कची नोंद थांबवा आणि वर गाळणीत एचटीटीपी लिहा. 'पोस्ट' प्रकारची एक ओळ सापडेल. तिच्यावर उजवी क्लिक करून 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' घ्या. तुम्ही टाकलेला पासवर्ड समोर उघडा, वाचता येईल असा पडलेला असतो. त्याच नोंदीत थोडं वर गेलात तर जोडणी सुरू करणारे सिन, सिन-ॲक, ॲक असे तीन पॅकेट ओळीने दिसतील. पुस्तकातली तीन बाणांची आकृती ती हीच.

नंतर कालीला तात्पुरतं इंटरनेट देऊन, मेटास्प्लॉइटेबल बंद ठेवून, एखादं एचटीटीपीएस असलेलं संकेतस्थळ उघडा आणि तीच नोंद घ्या. आता 'क्लायंट हॅलो' या ब्राउझरच्या पहिल्या संदेशात बहुधा संकेतस्थळाचं नाव दिसेल, पण पुढचा सगळा मजकूर वाचता न येणारा. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाने काय झाकलं जातं आणि काय उघडं राहतं, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं कशाने कळत नाही.

मग डीव्हीडब्ल्यूएमध्ये सुरक्षा पातळी सर्वांत खाली ठेवून एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे चौकटीतून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या हल्ल्याचा, भाग उघडा. आकडा टाकायच्या चौकटीत फक्त एक एकेरी अवतरणचिन्ह टाका. डेटाबेसची चूक जशीच्या तशी पानावर येते. इथे पुढचा हल्ला करण्याची घाई होते. थांबा, आणि 'व्ह्यू सोर्स' बटण दाबून मागचा कोड वाचा. वापरकर्त्याचा मजकूर थेट क्वेरीत चिकटवलेला दिसेल. तो कोड 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' (आज्ञा आणि वापरकर्त्याचा मजकूर वेगळा ठेवणारी पद्धत) वापरून स्वतः दुरुस्त करून पाहा. हल्ला जमणारे पुष्कळ असतात. डेव्हलपरला दुरुस्ती सांगू शकणाऱ्याला कंपनी शोधत असते.

पुढचा सराव पोर्टस्विगरच्या 'वेब सिक्युरिटी अकॅडमी'वर करा. ती पूर्ण मोफत आहे. ट्रायहॅकमी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ हेही नवख्यांना जमेल असं आहे.

कायदा, इथेच

कॉलेजच्या वायफायवर, शेजाऱ्याच्या राउटरवर, गावातल्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावर "फक्त बघितलं" असं म्हणून काहीही चालवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाला लागू होतं, आणि तोच प्रकार अप्रामाणिक हेतूने केला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विसाव्या वर्षी नोंदलेला गुन्हा पुढच्या प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत समोर येतो. कुठे कच्चा दुवा नजरेस पडलाच तर तो आणखी न खोदता सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवा. त्यासाठी त्यांच्याकडे रीतसर व्यवस्था आहे. आणि परवानगी नेहमी लेखी घ्या, त्यात कोणती मशीन, कोणत्या तारखा, काय करायचं नाही, हे नोंदवलेलं असू द्या.

पायरी ७ : तिसऱ्या वर्षी एक दिशा धरा

वेब आणि व्हीएपीटीची वाट वर आलीच. फॉरेन्सिक आवडत असेल तर हॅशपासून, म्हणजे फाइलच्या गणिती ठशापासून, सुरुवात करा. एखाद्या फाइलचा एसएचए-२५६ काढा. ६४ चिन्हांची ओळ मिळेल. फाइलमध्ये एक स्वल्पविराम घाला आणि पुन्हा काढा. ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हा हॅश लिहायचा असतो. म्हणजे पेनड्राइव्ह हातात आल्यावर तो आधी उघडून बघणारा आणि आधी त्याची प्रतिमा, म्हणजे तंतोतंत प्रत, घेऊन हॅश नोंदवणारा, यांच्यातला फरक कोर्टात दिसतो. ऑटॉप्सी आणि व्होलॅटिलिटी ही साधनं मोफत आहेत. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पदवीनंतर तिकडचे डिजिटल फॉरेन्सिकचे अभ्यासक्रम बघा.

ऑडिटची वाट धरणाऱ्यांनी तीन कागद मुळातून वाचावेत. सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश, ज्यांत सायबर घटना ६ तासांत कळवण्याची आणि लॉग, म्हणजे यंत्रणांच्या नोंदी, १८० दिवस जपण्याची सक्ती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, ज्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आणि नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये काढलेली श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकट. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, देशोदेशींच्या एटीएममधून आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्फत. त्यानंतर सहकारी बँकांना हा विषय बाजूला ठेवणं शक्य राहिलं नाही. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगाव आहेत आणि त्यांना हे मराठीतून समजावणारी माणसं हवी आहेत.

पण नाशिकच्या मुलांनी सर्वांत गांभीर्याने घ्यावी अशी वाट कारखान्यांची आहे. सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या कारखान्यांत पीएलसी नावाचे छोटे नियंत्रक यंत्रं चालवतात. त्यातले अनेक 'मॉडबस' भाषेत बोलतात. मॉडबस १९७९ मधला आहे आणि मूळ रचनेत त्यात पासवर्ड नाही, ओळख पटवणं नाही. जो नेटवर्कवर पोचला तो आकडे वाचू शकतो, आणि बदलूही शकतो. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या नतांझमधले सेंट्रिफ्यूज पीएलसीमार्फतच बिघडवले होते. हा विषय ओटी सुरक्षा म्हणून ओळखला जातो. संगणकाचा पदवीधर यात शॉपफ्लोअरवर बावरतो आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस नेटवर्कमध्ये अडखळतो. दोन्ही येणारे थोडे आहेत. तुम्ही ओपनपीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर आभासी मशीनवर चालवा, पायथनमधून ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर बोलून त्यातले रजिस्टर वाचा, मग आयईसी ६२४४३ या कारखान्यांतल्या यंत्रणांच्या सुरक्षेच्या मानकाची तोंडओळख करून घ्या. वडील, काका किंवा शेजारचं कोणी एमआयडीसीत मेंटेनन्सला असेल तर त्यांच्याकडून पीएलसीची शिडीसारखी आकृती समजून घ्या. मात्र चालू कारखान्याच्या नेटवर्कवर स्कॅन कधीही करू नका. साध्या पोर्ट स्कॅनने जुना पीएलसी अडकू शकतो, आणि शेजारी माणूस काम करत असतो.

पायरी ८ : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

'फेस रेकग्निशन अटेंडन्स'सारखे वर्षानुवर्षं फिरणारे प्रकल्प सोडा. आपल्या आजूबाजूला विषय पडलेले आहेत.

सिंहस्थ २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला होतोय. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात बनावट तंबू आणि हॉटेल बुकिंगच्या संकेतस्थळांबद्दल पोलिसांना इशारे द्यावे लागले होते. नव्याने निघणाऱ्या एचटीटीपीएस प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी असतात. त्या रोज तपासून 'नाशिक', 'कुंभ', 'त्र्यंबक' हे शब्द असलेले नवे पत्ते वेगळे काढणारा, त्यांची पानं जपून ठेवणारा आणि संशयिताचा अहवाल बनवणारा प्रोग्रॅम हा पक्का प्रकल्प आहे. संशयित पत्ते राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवता येतात. आर्थिक फसवणूक झालेल्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, तो तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच साठवा.

दुसरा विषय व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'वाहन चलन' किंवा सरकारी योजनेच्या नावाच्या एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या, फाइलचा. जॅडएक्स या साधनाने ती न चालवता उघडता येते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये, ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागताना दिसली की ओटीपी कुठून जातो ते कळतं. हे काम वेगळ्या आभासी मशीनमध्येच करा, स्वतःच्या फोनवर नाही. निष्कर्ष दोन पानांच्या मराठी पत्रकात मांडून ग्रामपंचायतीत किंवा बाजार समितीत द्या. प्रकल्पाच्या गुणांपेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे.

पायरी ९ : सर्टिफिकेट आणि नोकरी

सर्टिफिकेटवर घरचे पैसे लावण्याआधी नोकरीच्या पंधरा-वीस जाहिराती वाचा आणि काय मागतात ते मांडा. नेटवर्कसाठी सीसीएनए आणि सुरक्षेच्या पायासाठी सिक्युरिटी प्लस यांचा अभ्यास नीट केला तर ज्ञानाच्या दृष्टीने फुकट जात नाही. सीईएच या एथिकल हॅकिंगच्या सर्टिफिकेटचं नाव एचआरला माहीत असतं, तो त्याचा मुख्य उपयोग. ओएससीपी या व्हीएपीटीच्या सर्टिफिकेटची परीक्षा जवळजवळ २४ तासांची, पूर्ण प्रात्यक्षिक असते. ती कमवायला लागल्यावर द्या. "शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्या सहा महिन्यांच्या क्लासला लाख रुपये भरायच्या आधी, त्यांचा अभ्यासक्रम पोर्टस्विगर आणि ट्रायहॅकमीवर फुकट मिळतो का ते पडताळा.

इंटर्नशिपसाठी फक्त आयटी कंपन्यांकडे बघू नका. शहरातले काही सीए माहिती यंत्रणांचं ऑडिट करतात. 'डीसा' ही त्या ऑडिटची पात्रता असलेल्या सीएंना भेटा. मोठ्या रुग्णालयांचे, कारखान्यांचे आणि शिक्षणसंस्थांचे आयटी विभाग असतात. तिथे फायरवॉल, बॅकअप, पॅचिंग हे रोजचं काम बघायला मिळतं.

पहिली नोकरी बहुधा पुण्यात किंवा मुंबईत लागेल, सॉकमध्ये, पाळ्यांत. वर्ष-दोन वर्षं ती करा. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असा : ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय होतं? डीएनएस, टीसीपी, टीएलएस, एचटीटीपी असं सांगत जा आणि प्रत्येक टप्प्यावर हल्ला कुठे होऊ शकतो आणि त्याची खूण कोणत्या लॉगमध्ये सापडेल, तेही जोडा. वायरशार्कचा प्रयोग स्वतः केलेला असेल तर हे उत्तर पाठ करावं लागत नाही. बायोडेटात साधनांची लांबलचक यादी देण्याऐवजी तुमच्या सरावाच्या नोंदींचा दुवा द्या. तीन वर्षांची ती अर्ध्या-अर्ध्या पानांची वही नीट टाइप करून ऑनलाइन ठेवली असेल, तर मुलाखत घेणारे त्यातूनच प्रश्न काढतात.

कॅम्पसमध्ये काही जमलं नाही तर सीडॅकचा पीजी-डिटिस हा आयटी पायाभूत यंत्रणा आणि सुरक्षेचा साधारण सहा महिन्यांचा डिप्लोमा अभियांत्रिकी पदवीधर आणि एमसीए झालेल्यांसाठी चांगला पर्याय आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो आणि वर्षात दोन तुकड्या निघतात. अर्जाच्या तारखा शेवटच्या सत्राच्या परीक्षेच्या गडबडीत निसटतात, म्हणून सीडॅकचं संकेतस्थळ सातव्या सत्रापासूनच बघायला लागा.